हंगामी गेस्ट हाउसचा जुना फोन इंटरनेटवर नेताना: मालक नेहमी विचारतात ते प्रश्न

गोव्यातल्या पेडणे आणि बार्देश तालुक्यांतल्या गेस्ट हाउसांची, छोट्या हॉटेलांची आणि शॅकवाल्यांची (किनाऱ्यावर हंगामापुरती खाण्यापिण्याची झोपडी उभारणाऱ्यांची) फोनची कामं मी करतो. मे महिना संपत आला, खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या, की मालकांच्या तोंडी एकच विषय असतो: जुना लँडलाइन आणि इंटरकॉम (म्हणजे खोल्यांचे फोन जोडणारा ईपीएबीएक्सचा डबा) काढून इंटरनेटवरचा फोन घ्यायचा का? खालचे प्रश्न मला हरमलपासून कांदोळीपर्यंत रिसेप्शनच्या टेबलाशी उभं राहून विचारले गेलेले आहेत. उत्तरं साधारण दहा ते तीस खोल्यांच्या, पावसाळ्यात बंद राहणाऱ्या धंद्यासाठी आहेत.

आमचा ईपीएबीएक्स अजून चालतोय. मग बदलायचा कशाला?

चालतोय तोवर घाईने काढू नका. फक्त एक करा. जिन्याखाली किंवा मीटरच्या बाजूला जो टॅग ब्लॉक आहे, जिथे सगळ्या खोल्यांच्या फोनतारांच्या जोड्या येऊन मिळतात, त्याचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात बघा. तांब्याच्या टोकांवर हिरवट-निळी भुकटी दिसली तर ती खाऱ्या हवेची करणी आहे. मोरजीत किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या एका ब्लॉकमध्ये मी बोट फिरवलं, तर तार दिसत होती जागेवर, पण बोटाबरोबर तुटून हातात आली. बाजूच्या पेटीत मुंग्यांनी माती आणून घर केलं होतं आणि आतल्या सर्किटच्या कार्डावर आडवी पडलेली पाल वाळून कोळ झाली होती. तो फोन त्या दिवसापर्यंत ‘चालत’ होता.

जुन्या यंत्रणेची खरी अडचण अशी, की ती पहिल्या पावसात मरत नाही. ती ऑक्टोबरात मरते. चार महिने दमट हवेत बंद राहिलेला डबा तुम्ही पहिल्या बुकिंगच्या आदल्या दिवशी चालू करता आणि अर्ध्या खोल्यांना डायल टोन नसतो. तेव्हा कार्ड शोधायला पणजी, म्हापसा, बेळगाव पालथं घातलं तरी त्या मॉडेलचं कार्ड मिळेलच असं नाही. शिवाय रस्त्यावरची तांब्याची केबल आता कोणी नव्याने टाकत नाही. कंपन्या गिऱ्हाइकांना फायबरवर हलवत आहेत. रस्ता खणताना जोडी तुटली तर दुरुस्तीला पूर्वीसारखा लाइनमन धावत येत नाही. ब्लॉक हिरवा झाला असेल, किंवा गेल्या दोन हंगामांत तीनदा तरी ‘फोन डेड’ची तक्रार केली असेल, तर बदला.

इंटरनेटवरचा फोन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप कॉलच का?

तंत्राच्या अंगाने भाऊबंद, व्यवहाराच्या अंगाने वेगळा. दोन्हींत आवाजाचे बारीक तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवले जातात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र व्हॉट्सअ‍ॅपशीच बोलतं. इथे तुम्हाला ०८३२ने सुरू होणारा खरा नंबर मिळतो आणि जगातल्या कुठल्याही फोनवरून तो लागतो, मग करणाऱ्याकडे इंटरनेट असो वा नसो.

दुसरा फरक धंद्याला जास्त उपयोगाचा. जुन्या पद्धतीत तीन माणसांशी एका वेळी बोलायचं तर तीन लाइनी लागत, तीन भाडी लागत. इंटरनेटवर एकाच नंबरावर एकाच वेळी पाच-दहा कॉल घेता येतात. कंपनी त्याला ‘चॅनेल’ म्हणते. म्हणजे नाताळच्या आठवड्यात चार जण एकदम खोली विचारत असले तर चौथ्याला एंगेज टोन ऐकू येत नाही.

जुना नंबर तोच राहील का?

हा प्रश्न पहिला विचारायचा. बरेच मालक शेवटी विचारतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मोबाइलचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. ती सोय देशभर २०११ साली आली. लँडलाइनला ती सोय नाही. म्हणजे तुमचा नंबर ज्या कंपनीचा, तिच्याकडेच तो राहतो. त्यामुळे पहिला रस्ता तिच्याच दारात जातो: हाच नंबर तांब्यावरून फायबरवर घेता येईल का, आणि फायबरवर आल्यावर तो ईपीएबीएक्सला एसआयपी पद्धतीने, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायच्या पद्धतीने, जोडून देतील का? पुष्कळ ठिकाणी एकाच एक्स्चेंजच्या हद्दीत नंबर तसाच ठेवून फायबर मिळतं. होकार मिळाला तर तो लेखी घ्या, अर्जाची पोच घ्या, आणि नवा जोड लागून घंटा वाजेपर्यंत जुनी जोडणी बंद करण्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

होकार नाही मिळाला तर दुसरा रस्ता: नवा नंबर दुसऱ्या कंपनीचा घ्या, जुना सगळ्यात स्वस्त योजनेवर जिवंत ठेवा आणि त्यावर येणारे कॉल नव्यावर वळवा. किंवा जुनी लाइन गेटवे नावाच्या छोट्या डब्यातून नव्या यंत्रणेला जोडा. महिन्याला थोडं भाडं जादा जातं. ते जाऊ द्या.

मी हे इतकं धरून का बोलतो ते सांगतो. मांद्र्याच्या बाजूला एका घरगुती गेस्ट हाउसने नवा फोन घेतला आणि जुनी लाइन त्याच आठवड्यात परत करून टाकली. काम मी केलं होतं. नंबराबद्दल मी त्यांना खोदून विचारलं नाही, ही चूक माझी. त्यांच्याकडे कोल्हापूरचं एक कुटुंब दर वर्षी डिसेंबरात येई. आजोबांच्या डायरीत तो नंबर शाईने लिहिलेला. त्यांनी आठवडाभर फिरवला, ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ ऐकलं आणि गेस्ट हाउस बंद पडलं असं समजून दुसरीकडे खोल्या घेतल्या. मालकीणबाईंना हे कळलं ते पुढच्या वर्षी, बाजारात अचानक भेट झाली तेव्हा. “भाऊ, यंत्र नवं दिलंत, पण माझी माणसं गेली ना,” एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून कुठल्याही कामात मी आधी नंबर बघतो, मग तारा.

तुमचा नंबर रिक्षावाल्यांकडे आहे, जुन्या पाहुण्यांकडे आहे, नकाशावर आहे, पाच-सात बुकिंगच्या संकेतस्थळांवर आहे, गल्लीच्या तोंडाच्या पाटीवर रंगवलेला आहे. दोन हंगाम तरी जुना नंबर वाजता ठेवा. नवा लिहिताना तो +९१ ८३२ असा लिहा. परदेशातून फोन करणारा +९१ नंतर शून्य फिरवतो आणि कॉल लागत नाही. पाटीवरच्या त्या एका शून्यापायी किती चौकशा वाया जातात, याची कल्पना बहुतेकांना नसते.

हे कायद्यात बसतं ना?

परवानाधारक कंपनीकडून घेतलं तर बसतं. २०१८ साली दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या फोनवर कॉल देण्याची वाट मोकळी करून दिली. त्यामुळे कंपनीचं नाव, परवाना आणि तुमच्या पत्त्यावरची कागदपत्रं, एवढं नीट असलं की झालं.

काय करू नये तेही ऐका. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून ढीगभर सिमकार्डांच्या डब्यातून इथल्या फोनवर सोडणं हा गुन्हा आहे. ‘तुमच्या गच्चीवर एक छोटं मशीन ठेवू द्या, महिन्याला भाडं देतो’ अशी गोड बोली घेऊन कोणी आला तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. पावसाळ्यात रिकाम्या पडलेल्या इमारती अशा लोकांना सोयीच्या वाटतात.

०८३२चा नंबर गोव्यातल्या पत्त्यावर घेतलेला असतो. मालक स्वतः पुण्यात किंवा दुबईत राहून तो नंबर अ‍ॅपवर उचलणार असेल तर ते नियमात कसं बसतं, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

इंटरनेट किती वेगाचं लागतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फारच कमी. चांगल्या आवाजाच्या एका कॉलला दोन्ही दिशांनी साधारण ९० केबीपीएस लागतात. दहा कॉल एकदम चालू असले तरी १ एमबीपीएसच्या आत भागतं. आज गल्लीतल्या केबलवाल्याची सगळ्यात लहान योजनासुद्धा याच्या कितीतरी पट आहे.

मग आवाज का तुटतो? कारण वेग असतो, पण शिस्त नसते. रात्री नऊला वीस खोल्यांतले पाहुणे एकदम व्हिडिओ बघतात, कोणीतरी दिवसभराचे ड्रोनचे फोटो वर चढवतो, आणि तुमचा कॉल त्या गर्दीत रांगेत उभा राहतो. आवाजाला एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. शंभरातलं एखादं पॅकेट, म्हणजे आवाजाचा एक तुकडा, हरवलं तरी कानाला खुपतं. उपाय सोपा आहे: फोन आणि पाहुण्यांचं वाय-फाय यांचं जाळं वेगळं ठेवा आणि राउटरमध्ये आवाजाला पहिला मान द्या. बसवणाऱ्याला एवढंच म्हणा, “फोनचं व्हीलॅन वेगळं करा आणि क्यूओएस लावा.” तो गडबडला तर दुसरा माणूस बघा.

वीज गेली की फोन बंद?

हो, सोय केली नाही तर बंद. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून तांब्यावरूनच ४८ व्होल्टचा पुरवठा येई. म्हणून घरात काळोख असतानाही डायल टोन असायचा. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. त्यामुळे तुमच्याकडचा फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि फोन या चौघांनाही तुमचीच वीज लागते. यातलं एक जरी बंद पडलं तरी फोन गेला.

आपल्याकडे हा प्रश्न कागदावरचा नाही. मे-जूनच्या पहिल्या वादळात माडाचं झावळं तारेवर पडलं की वाडा तासन् तास अंधारात असतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो तेव्हाही तेच, आणि तेव्हा खोल्यांत पाहुणे असतात.

हिशेब असा मांडा. फायबरचा डबा आणि राउटर मिळून २० वॉटच्या आसपास, एक आयपी फोन ३ ते ५ वॉट. रिसेप्शनचे दोन फोन धरून ३० वॉट समजा. संगणकाच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-अवर. रूपांतरातली घट धरली तर दीड-दोन तास मिळतात, बॅटरी नवी असेपर्यंत. खाऱ्या, गरम हवेत ती फार वर्षं नवी राहत नाही. रिसेप्शनला इन्व्हर्टर असेल तर हा सगळा संच त्याच्याच तारेवर घ्या. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर एकटा फोनचा संच रात्रभर सहज निघतो, पंखे आणि फ्रीज त्याच्यावर चढवले नाहीत तर. त्या बोर्डाला वेगळ्या रंगाचा सॉकेट लावा. नाहीतर आचारी मिक्सर तिथेच लावतो.

आणखी एक गोष्ट केबलवाल्याला विचाराच: “गल्लीतल्या तुमच्या पेटीला बॅकअप आहे का?” तुमच्याकडे दहा तासांची बॅटरी असली आणि कोपऱ्यावरची त्याची पेटी विजेबरोबर बंद पडत असली, तर घोडं तिथेच अडतं.

शेवटचा आधार म्हणजे मोबाइलवर वळवणं. कंपनीच्या सर्व्हरला तुमची यंत्रणा सापडली नाही तर कॉल आपोआप मॅनेजरच्या मोबाइलवर जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी लावून घ्या. बसवणारा घरी जायच्या आधी त्याच्यासमोर मेन स्विच पाडा, दुसऱ्या मोबाइलवरून आपला नंबर फिरवा, आणि काय होतं ते स्वतःच्या कानांनी ऐका. ही चाचणी केल्याशिवाय मी स्वतः बिल मागत नाही.

प्रत्येक खोलीत फोन हवाच का?

माझं मत: नाही. दहा-बारा खोल्यांच्या घरगुती जागेत पाहुणा खोलीतला फोन क्वचितच उचलतो. तो बाल्कनीतून हाक मारतो किंवा मेसेज करतो. रिसेप्शन, स्वयंपाकघर, फाटक आणि मालकाचं घर, एवढे चार फोन पुरे. वयस्कर पाहुणे जास्त येत असतील, किंवा खोल्या दोन-तीन इमारतींत विखुरलेल्या असतील, तर मात्र फोन ठेवा. रात्री छातीत दुखू लागलं तर माणूस मोबाइलमध्ये नंबर शोधत बसत नाही, हाताशी असलेला रिसीव्हर उचलतो.

जुन्या तारा आणि जुने फोन वापरता येतील?

येतील, आणि खर्च वाचवायचा तो इथेच. एटीए नावाचा अ‍ॅडॉप्टर असतो. एका बाजूने त्यात इंटरनेटची तार जाते, दुसऱ्या बाजूने साध्या फोनची. आठ, सोळा, चोवीस पोर्टांचेही मिळतात. खोल्यांमधले फोन आणि भिंतीतल्या जोड्या चांगल्या असतील तर त्यांना हात न लावता फक्त मधला ईपीएबीएक्स काढून तिथे एटीए लावता येतो. आधी प्रत्येक जोडी तपासा, गंजलेलं टोक कापून नवं ताजं तांबं पुढे घ्या.

एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून गेलेली तांब्याची तार मात्र पुन्हा वापरू नका. वीज कुठेतरी शेजारच्या माडावर पडते आणि त्या तारेतून झटका दोन्ही टोकांची यंत्रं खाऊन जातो. इमारतींमध्ये फायबर टाका. काचेतून झटका येत नाही. अंतर पन्नास मीटर असलं तरी हाच सल्ला.

तारा न ओढता वाय-फायवर फोन चालवले तर?

नव्या, पातळ भिंतींच्या इमारतीत चालेल. चिऱ्याच्या जुन्या घरात नाही. दीड-दोन फूट जाडीची चिऱ्याची भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेलं पाणी, यातून वाय-फाय दुसऱ्या खोलीतही धड पोचत नाही. पोर्तुगीज काळातलं घर घेऊन त्यात खोल्या केल्या असतील तर छताच्या वाशांवरून तार न्या. भिंती फोडू नका, त्या पुन्हा तशा होत नाहीत.

पावसाळ्यात चार महिने बंद असतो. भाडं भरत राहायचं का?

या प्रश्नावर कंपनी निवडा. वार्षिक सवलतीची योजना कागदावर स्वस्त दिसते, पण तुम्ही त्यातले आठच महिने वापरता. म्हणून बारा महिन्यांचा एकूण खर्च काढा आणि त्याला वापराच्या महिन्यांनी भागा. फोनसेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही त्यात धरा.

विचारायचं ते असं: जून ते सप्टेंबर चॅनेल दहावरून एकावर आणता येतील का? माणसामागे भाडं असेल तर माणसं कमी करता येतील का, आणि ऑक्टोबरात परत वाढवायला किती दिवस लागतात? सेवा थांबवली तर नंबर आमच्याच नावावर राहतो का, किती काळ? जुन्या लँडलाइनला ‘सेफ कस्टडी’ नावाची सोय असे, त्यात जोडणी तात्पुरती बंद ठेवून नंबर राखला जाई. नव्या कंपन्या हे वेगवेगळ्या नावांनी देतात किंवा देतच नाहीत. प्रीपेड खात्यात शिल्लक संपली की नंबर काढून घेण्याची अट बारीक अक्षरांत असू शकते. ती शोधून वाचा.

माझा सल्ला नंबर पूर्ण बंद न करण्याचा आहे. एक चॅनेल चालू ठेवा आणि तो मोबाइलवर वळवा. डिसेंबरची चौकशी ऑगस्टमध्येच सुरू होते. पाऊस कोसळत असताना बेळगावहून कोणीतरी विचारतो, “दिवाळीला खोली मिळेल का?” तुम्ही घरात चतुर्थीच्या माटोळीचं सामान बांधत असलात तरी तो फोन उचलला गेला पाहिजे.

मग यंत्रांचं पावसाळ्यात काय करायचं?

मुख्य डबा, राउटर आणि फायबरचा जोड माणूस राहतो त्या खोलीत ठेवा आणि चालू ठेवा. चालू यंत्र थोडं गरम असतं, त्यात ओल धरत नाही. बंद खोल्यांमधले फोन काढा, कोरड्या फडक्याने पुसा, सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरा आणि प्रत्येकावर खोली नंबराची चिठ्ठी लावा. भिंतीतल्या सॉकेटवर टेप मारा, नाहीतर मुंग्या घर करतात. ऑक्टोबरात अर्ध्या दिवसात सगळं परत जागेवर लागतं.

काम काढायचं कधी?

मोजणी हंगाम चालू असताना करा. रोज किती कॉल, एका वेळी जास्तीत जास्त किती, कुठल्या वेळी सुटतात, हे वहीत एक आठवडा लिहा. नाताळचा आठवडा सापडला तर उत्तम, नाहीतर एप्रिल-मेच्या सुट्ट्यांतला. रिकाम्या इमारतीत बसून केलेला अंदाज नेहमी चुकतो.

फायबरचा अर्ज मेमध्येच द्या, म्हणजे खांबावरून तुमच्या भिंतीपर्यंतची तार पाऊस लागण्याआधी येते. जुलैत आतली कामं: तारा, सॉकेट, यूपीएस. चतुर्थीच्या आठवड्यात कोणाला धरू नका. इथले वायरमनही घरी असतात आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून येणारेही. चतुर्थी उरकली की चालू करा, निदान तीन आठवडे नवं-जुनं दोन्ही वाजू द्या, आणि दसऱ्यापर्यंत निर्णय पक्का करा. ऑक्टोबर लागल्यावर ज्याचा पहिला फोन येतो त्याचं काम मी घेतो, पण त्याला स्पष्ट सांगतो की या वर्षी फक्त डागडुजी, बदल पुढच्या वर्षी.

आमचा शॅक आहे. मेअखेर सगळंच उतरवतो. आमचं काय?

तुम्हाला तारांची गरजच नाही. एक क्लाउड नंबर घ्या, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर राहणारा नंबर, तो दोन मोबाइलवर एकदम वाजेल असं लावा. शॅक उतरला तरी नंबर तोच, पुढच्या वर्षी जागा बदलली तरी तोच. वाळूत डबे पुरून ठेवण्यापेक्षा हे बरं.

कॉल आला की ‘इंग्रजीसाठी एक दाबा’ असं लावायचं का?

छोट्या जागेला लावू नका. तुमच्याकडे फोन करणाऱ्याला माणूस हवा असतो, म्हणूनच तो मोठं हॉटेल सोडून तुम्हाला फोन करतो. त्याऐवजी कॉल आधी रिसेप्शनला वाजवा, पंधरा सेकंदांत कोणी उचलला नाही तर स्वयंपाकघर आणि मालकाचा मोबाइल एकदम. तरीही सुटला तर सुटलेल्या कॉलचा संदेश मोबाइलवर यावा. रात्री अकरानंतर मात्र मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत दोन वाक्यांची ध्वनिफीत ठेवा, घरातल्याच कोणाच्या आवाजात. परत फोन करताना लक्षात असू द्या: १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतं. तो शून्य यंत्रणेतच बसवून घेता येतो, म्हणजे पोरांना आठवण करावी लागत नाही.

समोरच्याचा आवाज येतो, आमचा जात नाही. का?

दहापैकी बहुतेक वेळा राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची खिट्टी चालू असते. ती बंद करा. तरी राहिलं तर बसवणाऱ्याला बोलवा.

कोणी आमच्या फोनवरून परदेशी कॉल लावेल का?

लावू शकतो, आणि हंगामी धंदा त्यांना सोपा जातो. इंटरनेटवर दिवसरात्र उघडी यंत्रं चाचपणारे प्रोग्रॅम फिरत असतात. एक्स्टेंशन (आतल्या फोनचा नंबर) १०१चा पासवर्डही १०१ ठेवलेला सापडला की रात्रीतून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुरू होतात. डिसेंबरात हे दुसऱ्या दिवशी लक्षात येईल. जुलैत इमारत बंद असते, ते बिलातूनच कळतं.

आयएसडी कॉल कंपनीकडूनच बंद करून घ्या. परदेशी पाहुण्यांशी बोलायला व्हॉट्सअ‍ॅप आहे. खात्याला खर्चाची मर्यादा लावा, पासवर्ड लांब ठेवा, आणि यंत्रणा घरच्या जाळ्याबाहेरून उघडी ठेवू नका. बसवणाऱ्याला ‘दुरून दुरुस्ती’साठी वाट हवी असेल तर ती व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खाजगी वाटेनेच द्या, आणि काम संपल्यावर पासवर्ड बदला, माणूस ओळखीचा असला तरी.

११२ आणि १०८ लागतात का?

हे गृहीत धरू नका. काही क्लाउड नंबरांवरून तीन आकडी नंबर जात नाहीत, आणि अ‍ॅपवरून लावलेल्या कॉलवर तुमची जागा बरोबर दिसेल याचीही खात्री नसते. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. चाचणी म्हणून विनाकारण ११२ फिरवू नका. रिसेप्शनवर एक चार्ज केलेला साधा मोबाइल कायम ठेवा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत वाडा, जवळचं देऊळ किंवा खुरीस (क्रूस), आणि रस्त्यावरून आत वळायची खूण लिहून लावा. रात्रपाळीचा मुलगा नेपाळहून आलेला असतो. घाबरलेल्या क्षणी त्याला पत्ता सांगता आला पाहिजे.

जुनी लाइन तोडताना आणखी काय बंद पडू शकतं?

त्या लाइनवर काय काय लटकलंय ते आधी शोधा: जुनं कार्ड स्वाइप मशीन, फॅक्स, लिफ्टमधला आणीबाणीचा फोन, चोरीचा अलार्म. लिफ्टचा फोन हमखास विसरला जातो. त्याला स्वतःची बॅटरी असलेली वेगळी सोय करा.

जुना ईपीएबीएक्स विकून टाकू का?

एक हंगाम ठेवा. कार्डं काढून डब्यात भरा, टॅग ब्लॉकवरची जोड्यांची यादी वहीत उतरवून घ्या, मोबाइलवर दोन फोटो काढा. पुढच्या शिमग्यापर्यंत नव्याची तक्रार नसली तर भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आत शिशाची बॅटरी असेल तर ती वेगळी काढून बॅटरीच्या दुकानात परत करा, नव्या यूपीएसच्या बॅटरीवर तेवढे पैसे कमी होतात.